उजवी बाजू वर

मिसावा तोकिए एकसष्ट वर्षांच्या होत्या, आणि त्यातली एकोणचाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात घालवली. ओगिकुबोतल्या आमच्या स्टुडिओत त्या चित्रं तपासायच्या. कार्टूनमधली बाई नुसती मान वळवते तेव्हा त्यासाठी वीस-तीस चित्रं कुणीतरी काढलेली असतात. तो गठ्ठा बोटांत धरून फर्रकन सोडायचा आणि काय चुकलंय ते पकडायचं, हे त्यांचं काम. मध्येच कुणाचा डूल गायब झाला की त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायच्या, "या बाईचा डूल कुणी ढापला रे? भुतानं की तुम्ही?"

मालिका भुताखेतांचीच होती. डोंगरात गरम पाण्याच्या झऱ्यापाशी एक जुनं विश्रामगृह, त्याची मालकीण, आणि दर आठवड्याला एक नवं गूढ. टीव्हीवर चार वर्षं चालली, मग तिच्यावरून मोठा चित्रपट करायचं ठरलं. मी, निवा चिगुसा, निर्मितीचं बघायचे. प्रत्येक शॉटची चित्रं एका खाकी पाकिटात असतात. कुठलं पाकीट कुणाकडे अडलंय ते शोधून पुढे ढकलायचं, एवढंच माझं काम. तेवढंही मला धड जमलं नाही.

दिग्दर्शक ओगुशी-सान एका दुपारी सोबा शेवयांच्या दुकानात माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "दोनशे चौदा नंबरच्या शॉटमध्ये मालकीण वळते ना, तिथे तिच्या किमोनोची उजवी बाजू वर ठेवलीय. मुद्दाम. पाकिटावर लिहू नका, बाहेर फुटेल. मिसावा-सानना तेवढं तोंडी सांगा."

आम्ही किमोनोची डावी बाजू उजवीच्या वर घेतो. उजवी वर घेतात ती फक्त मेलेल्या माणसाची. मालकीण पहिल्यापासून मेलेलीच होती, हे शेवटी उघड होणार होतं, आणि त्याची खूण म्हणून आधी हा एकच शॉट होता.

"सांगते," मी म्हटलं, आणि विसरले. कारण सांगण्यासारखंसुद्धा नाही. परत आले, फोन वाजला, संपलं.

पुढच्या मंगळवारी मिसावा-सान खांदा चोळत माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांचा उजवा खांदा वर्षभर आखडलेला होता.

"अगं निवा, गंमत ऐक. मालकीणबाईंचं जितेपणीच मढं करून टाकलं होतं! कागद पालटून मागच्या बाजूनं चेहरा तपासायचा आणि मग तसाच गिरवायचा, ही या पोरांची जुनी खोड. छत्तीसच्या छत्तीस चित्रांत किमोनो उलटा."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, मीच बसून सरळ केला. दोन दिवस गेले. तू कुणाला बोलू नकोस हां. काढणाऱ्यानं या महिन्यात दोनदा बोलणी खाल्लीत, तिसऱ्यांदा कशाला?"

पाकीट तेव्हा रंगकामाला गेलेलं होतं. एक फोन केला असता तर थांबलं असतं. पण मग ओगुशी-सानांना सांगावं लागलं असतं की मी विसरले, आणि मिसावा-सानांना सांगावं लागलं असतं की तुमचे दोन दिवस आणि तुमचा खांदा माझ्यामुळे वाया गेला. उद्या बघू, म्हटलं मी. उद्या म्हटलं, परवा. परवापर्यंत तो शॉट चित्रित होऊन गेला. विसरणं एक वेळ माफ होईल. हे नाही.

चित्रपट तयार झाल्यावर आम्हा सगळ्यांना सकाळी दाखवला. दोनशे चौदावा शॉट आला, मालकीण वळली, नीटनेटकी, जिवंत. दिवे लागले तेव्हा ओगुशी-सान उभेच होते. प्रदर्शनाला चार दिवस राहिलेले, आता काही बदलता येणार नव्हतं.

"कुणी केलं?"

मिसावा-सान उठल्या, कमरेतून वाकल्या. "मी."

"निवा-सानांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

सगळे माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी मात्र माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे बघत बसले. मी तोंड उघडावं म्हणून त्या थांबल्या, हे मला तेव्हाही कळत होतं.

"सांगितलं असेल," त्या म्हणाल्या. "माझंच आता विसरायचं वय झालंय."

प्रेक्षकांची पत्रं आली, शेवट कुठून उपटला म्हणून. मिसावा-सानांनी महिन्याभरात टेबल आवरलं. पेन्सिली वाटून टाकल्या. मलाही एक दिली. मी ती घेतली, इतकी मी निर्लज्ज.

त्यानंतर तीन वर्षं नववर्षाला त्यांचं शुभेच्छापत्र यायचं. खाली लिहिलेलं असायचं, 'एकदा चहाला ये.' मी उलट टपाली लिहायचे, 'नक्की येते.' त्यांचं घर आगगाडीनं पंचवीस मिनिटांवर होतं.

चौथ्या वर्षी त्यांच्या धाकट्या बहिणीचा, फुमिए-सानांचा फोन आला, मिसावा-सान वारल्या म्हणून. मी गेले. घरात मदतीला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मिसावा-सानांना पांढरा किमोनो चढवायला फुमिए-सानांनी मलाच हात लावायला सांगितलं. खांदा आता सहज वळत होता. माझ्या हातांनी सवयीनं डावी बाजू वर घेतली.

"निवा-सान, उलटं," फुमिए-सान हळूच म्हणाल्या. "उजवी वर."

आणि मग मला रडू आवरेना. तिथेच, गुडघ्यांवर बसून, मी सगळं सांगितलं. सोबाचं दुकान, तो मंगळवार, माझे बूट.

फुमिए-सानांनी हातातला कमरपट्टा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तिला माहीत होतं. तुमचं पत्र आलं की दरवर्षी एक चहाचा डबा न फोडता बाजूला ठेवायची. म्हणायची, निवा यंदा येईल सांगायला."

"रागावल्या होत्या?"

"रागावली असती तर चहा कशाला ठेवला असता? वाट बघत होती." त्यांनी डोळे पुसले. "चला, आटपा. लोक येतील."

मी डावी बाजू सोडवून आत घेतली आणि उजवी वर ठेवली. या वेळी मला वेळेवर सांगणारं कुणीतरी होतं.