शेपटीचा भरवसा

तापीतल्या बेटावर एक गवळी, त्याची बायको, दोन म्हशी आणि सात शेळ्या राहत. बाजाराच्या दिवशी डोक्यावर तुपाचं मडकं आणि हातात म्हशीचं शेपूट धरून तो प्रकाशा गावाच्या घाटाला लागे. नावेत मात्र कधी बसला नाही. म्हणे, "मास्तर, लाकूडले जीव नही. त्यान्हा काय भरोसा?"

एकदा पूर चढला, म्हणून मी बेटावर नाव पाठवली. पठ्ठ्यानं तीत बायको आणि शेळ्या बसवल्या, स्वतः शेपूटच धरलं. मधल्या धारेत नावाड्याचं वल्हं वाहून गेलं, नाव गरगरू लागली. तेव्हा यानंच नावेचा दोर म्हशीच्या गळ्यात अडकवून सगळ्यांना काठाला आणलं.

वल्हं गमावलेल्या नावाड्याकडे कळवळून बघत तो मला म्हणाला, "मास्तर, याले बी एक म्हैस इकत लई द्या."