त्याच्या खिशावरचा बिल्ला

खंडेनवमीला सगळे माग बंद होते. मशिनी पुसून झाल्या, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. मग मालक म्हणाले, आता गाडीची पूजा. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना हाय. मी तितं टॉवेलच्या कडा शिवते, बारा वर्षं झाली. बायकांना न्यायला-आणायला मालकांनी नवी पांढरी गाडी घेतली होती आन गाडीबरोबर नवा ड्रायव्हर ठेवला होता. चाकांखाली लिंबं ठेवली. आरतीचं ताट माझ्या हातात दिलं, कारण शिलाईत सगळ्यात जुनी मीच.

"गाडीला ओवाळ. आणि ड्रायव्हरमामांनाही ओवाळ," मालक म्हणाले.

गाडीला ओवाळलं. मग तो पुढं आला. टोपी काढून कपाळ पुढं केलं. केस पिकलेले, पोट सुटलेलं, खिशावर ड्रायव्हरचा बिल्ला. आन डाव्या भुवईतनं वर गेलेला वण. मी ओळखलं. त्यानं न्हाय ओळखलं. किती जणी नेल्या, कुणाकुणाला ध्यानात ठेवणार?

माझा हात उचलंना. कुंकवाचं बोट तसंच राहिलं.

मालक हसले. सगळ्या कारखान्यासमोर म्हणाले, "काय गं, विटाळ झालाय का? मग ताट कशाला धरलंस?"

माणसं खाली बघून हसली. बाया एकमेकींकडं बघाय लागल्या. आन मी काय म्हणले? "व्हय," म्हणले. ताट दुसरीच्या हातात दिलं आन भिंतीला जाऊन उभी राहिले. मालकांनी गाडीवर गोमूत्र शिंपडाय लावलं. माझ्यामुळं गाडी बाटली म्हणं! त्याच्यामुळं न्हाय. तो तितंच उभा होता, दुसरीनं त्याला ओवाळलं, त्यानं पेढा खाल्ला.

विटाळाची मला लाज न्हाय. खोटं बोलून विटाळाच्या आड लपले, त्याची लाज हाय. ती अजून जात न्हाय.

आता तो कोण ते सांगते. हे सांगून सांगून मी दमलेय, तरी सांगते.

आमी नातेपुत्याजवळच्या वस्तीवरचे. तवा तो नातेपुते ते वेळापूर वडाप चालवायचा, जीपगाडी. एका जीपमधी वीस-वीस माणसं. पुढच्या सीटवर बसायचा मान तलाठ्याला, गुरुजीला, पंचायतीतल्या माणसाला. आमी पोरी मागं, दाराला धरून. पावसाळा असो, ऊन असो, कधी पुढं बसलेलो न्हाय. गावात त्याला सगळी मामा म्हणायची. मीबी म्हणायची.

मी सोळा वर्षांची. नववीतनं शाळा सुटलेली. एक दिवस सकाळी तो म्हणाला, पुण्यात पॅकिंगचं काम हाय, राहायला खोली हाय, तुझ्या आईला मी सांगितलंय. आन म्हणाला, "मागं कशाला? पुढं बस की."

मी पुढं बसले. काय सांगू, किती आनंद झाला! काचंतनं सगळा रस्ता दिसत होता. बाजारातली माणसं बघत होती आन मला वाटत होतं, बघू देत. त्या सीटपायी मी एक प्रश्न विचारला न्हाय. आईला त्यानं काही सांगितलेलं नव्हतं.

पुण्यात त्यानं मला एका बाईच्या हवाली केलं. पुढच्या अकरा महिन्यांचं मी हितं सांगणार न्हाय. ते कोर्टात सांगितलंय. पोलिसांनी सोडवलं, मग सुधारगृह, मग साक्ष. त्याच्या वकिलानं एकच प्रश्न तीनदा विचारला, "पुढच्या सीटवर तू स्वतःहून बसलीस ना?" मी तीनदा व्हय म्हणले आन मान खाली घातली. तरी न्यायाधीशांनी त्याला सजा दिली. निकालात माझं नाव न्हाय, पीडित मुलगी म्हणून लिहिलंय. त्याचं नाव हाय, बापाचं नाव हाय, जीपचा नंबरसुद्धा हाय. नक्कल मी पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवलेली. नवऱ्याला म्हाईत हाय. सासूला न्हाय, पोरीला न्हाय.

त्यानं सजा भोगली, सुटला. सुटूदे. मला वाटलं होतं, परत गाडीवर तर कोण बसवणार न्हाय त्याला. कसली खुळी मी!

खंडेनवमीनंतर मी त्या गाडीत पाय ठेवला न्हाय. रोज चालत यायची. बाया विचारायच्या, तर गाडी लागते म्हणून सांगायची. आणखी एक खोटं. मग दिवाळीनंतर शिलाईत एक नवी पोरगी आली. अठराची असंल नसंल. माळशिरसकडची, बोली ऐकून लगीच कळलं. हितं मावशीकडं राहायची. एके दिवशी सकाळी मी गेटात पोचले आन गाडी आली. पुढच्या सीटवर ती पोरगी. हसत उतरली.

म्हणाली, "काकू, मामा लई चांगले हायेत. मागं दाटी असती म्हणून मला पुढं बसवतात. पुण्याला ह्याच्यापेक्षा चांगलं काम हाय म्हणत होते."

मी तिला हाताला धरून आत नेलं आन म्हणले, उद्यापासनं माझ्याबरोबर चालत यायचं. का, म्हणून तिनं विचारलं. मी म्हणले, सांगीन. आन तशीच मालकांच्या केबिनमधी गेले.

मालकांनी ऐकून घेतलं, हे खरं. मग खुर्चीत मागं रेलले.

"शिक्षा भोगली ना त्यानं? आता माणसानं पोट भरायचं नाही का? सरकारनं बिल्ला दिलाय त्याला. तुझ्याकडे काय आहे?" आन माझ्याकडं वरनं खाली बघून म्हणाले, "म्हणजे तू पण तिथलीच की."

बारा वर्षं मी ह्या माणसाचे टॉवेल शिवले. एका वाक्यात मी "तिथली" झाले.

मी म्हणले, "पोट भरू दे की. भाजी विकू दे, माग चालवू दे. गाडी नको. गाडीतनंच नेलं त्यानं आमाला."

मालक म्हणाले, "जा, मशीनवर बस."

बसले न्हाय. सुट्टी टाकून आरटीओत गेले. खिडकीतल्या साहेबांनी त्याच्या बिल्ल्याचा नंबर बघितला. म्हणाले, "बाई, कागद पूर्ण आहेत. सोलापूरच्या पत्त्यावर पोलीस पडताळणी झालीय, त्यात काही निघालं नाही."

निघणार कसं? पाप केलं तिकडं, पत्ता दिला हितला.

"गाडी चालवताना काही अपघात केलाय का त्यानं?"

"न्हाय साहेब. गाडी लई चांगली चालवतो. म्हणून तर मी पुण्यात सुखरूप पोचले."

त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तोंडी चालत नाही. लेखी द्या. नाव, पत्ता, सही, निकालाची नक्कल. त्याला नोटीस जाईल, तुमचा अर्ज त्यालाही दाखवावा लागेल. आणि तुमचा काय संबंध, ते स्पष्ट लिहा."

कोरा कागद घेऊन घरी आले. नवरा म्हणाला, "नाव नको टाकू गं. पोरगी दहावीला हाय. लोक तिला जगू द्यायचे न्हाईत." त्याचं चुकीचं न्हाय. तो भला माणूस हाय, भितो. मीबी भिते. कोर्टानं झाकलेलं नाव मीच उघडं करायचं, हे काय सोपं हाय? पेटी उघडून नक्कल काढली आन बसून राहिले. लई दमल्यासारखं झालं. वाटलं, कुणीतरी दुसरीनं करावं. मग वाटलं, ती दुसरी उद्या पुढच्या सीटवर बसंल.

सासू आन पोरगी, दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं. सासू उठून आत गेली, चार दिवस बोलली न्हाय. पोरगी रडली. मग तिनं पेन आणून दिला.

संबंध काय, तितं मी लिहिलं: ह्यानं पुढच्या सीटवर बसवून नेलेली मुलगी मीच. खाली नाव लिहिलं, पूर्ण. सही केली.

मालकांनी निरोप धाडला, अर्ज मागं घे न्हायतर येऊ नको. मी जात न्हाय. माळशिरसकडच्या त्या पोरीला सगळं सांगितलं, तीबी जात न्हाय, आमी दोघी दुसऱ्या कारखान्यात शिवतो आन चालत जातो. पांढरी गाडी अजून त्याच रस्त्यानं जाते. तोच चालवतो.

सोमवारी आरटीओत माझ्या अर्जाची सुनावणी हाय. तो समोर असणार, त्याचा वकीलबी असंल. परत विचारील, पुढच्या सीटवर स्वतःहून बसलीस ना? व्हय म्हणणार हाय मी, मान वर करून. बसले. सोळा वर्षांची होते, बसले. आता त्याचा बिल्ला काढा.