चुडामण सरांचा लांबुळका चेंडू

भडगावच्या शाळेतले खेळाचे शिक्षक चुडामण सर यांना एकच गोष्ट हवी होती: आपली रग्बी जिल्ह्याच्या खेळांच्या यादीत यावी. चौऱ्याऐंशी साली पुण्याच्या शिबिरात त्यांनी ती पाहिली, येताना लांबुळका चेंडू घेऊन आले, आणि डोक्यात जो भुंगा शिरला तो शिरलाच. तीन वर्षं जळगावच्या कचेरीत अर्ज दिले, आणि तीन वर्षं तिथल्या रुपचंद कारकुनाने एकच विचारलं, "फुटबॉल यादीत आहे की सर. मग हे काय?"

आता सरांचं समजावणं म्हणजे विचारूच नका. मूळ रग्बीत पंधरा गडी. त्यांच्यातून भांडून वेगळे निघाले त्यांचे तेरा. अमेरिकेत अकरा, डोक्याला टोप, आणि चेंडू पुढेही फेकता येतो. रग्बीत हाताने मागेच द्यायचा. शेजारच्या कॅनडात बारा. ऑस्ट्रेलियावाल्यांचे अठरा, मैदानसुद्धा लांबगोल.

"मग नक्की किती लिहू?" रुपचंद पेन उचलून विचारी, आणि सर दातओठ खात परतीची एसटी धरत.

सत्याऐंशी साली खेळ दाखवायला एकदाची वीस मिनिटं मिळाली. जळगावला, जिल्हा स्पर्धेत, कबड्डीच्या अंतिम सामन्याआधी. कचेरीतल्या साहेबांना आवडलं तर यादीत, नाहीतर पुन्हा अर्ज आणायचा नाही. मैदान लहान, म्हणून सरांनी तेरा गड्यांचा प्रकार घेतला. त्यात धरलेल्या गड्याने उठायचं, चेंडू पायाने मागे सरकवायचा, खेळ चालू. सहा वेळा धरलं की चेंडू समोरच्यांचा. दोन्ही संघ सरांचेच. गिरणा नदीच्या वाळूत आठवडाभर ते एकेकाच्या कानाशी ओरडले, "ऊठ, सरकव!" पोरांनी केलंही.

पण जळगावला चुन्याच्या रेघा होत्या, शिट्टीवाला पंच होता, आणि सरांना लांब उभं केलं होतं.

पहिला धरला गेला उखर्डू. तो उठला, चेंडू अलगद जमिनीवर ठेवला आणि मान खाली घालून रेघेबाहेर जाऊन बसला. त्यामागे पुना. मग झुलाल. एका संघाने गुण केला, तर त्यांचा बसलेला गडी जिवंत होऊन आत आला! लोक हसून हसून लोळायचे बाकी. सरांचा आवाज त्या गलक्यात त्यांचा त्यांनाच ऐकू येईना. बाराव्या मिनिटाला एका संघात तीन गडी उरले.

साहेब डोळे पुसत म्हणाले, "चेंडू घेतलेली कबड्डी. छान! पण कबड्डी यादीत आहेच."

सरांनी उखर्डूची गचांडी धरली. "का बसलास रे? आठवडाभर घसा कशाला फोडला मी?"

उखर्डू कावराबावरा झाला. "सर, पाचवीपाईन तुमीच शिकाडेल शे ना. धरायनूत का गुपचूप बाहेर निंघी जावानं, पंचनी वाट दखानी नही."

सरांनी गचांडी सोडली. खोटं काय बोलला तो? धरलं गेलं की पंचाची वाट न बघता बाहेर जायचं, हे कबड्डीत त्यांनीच पोरांना पाचवीपासून शिकवलं होतं. बाकीच्या शाळांची पोरं बाद झाली तरी पंचाशी हुज्जत घालत. सरांची कधी घालत नसत, आणि सर ते चारचौघांत मिरवत. रुपचंदवर, साहेबांवर, अख्ख्या जळगाववर काढायचा म्हणून तीन वर्षं साठवलेला राग आता कोणावर काढायचा तेच त्यांना कळेना.

तेवढ्यात कबड्डीचा अंतिम सामना पुकारला गेला. त्यात भडगावच होतं, आणि भडगावच जिंकणार हे सरांना स्पष्ट दिसत होतं.