पोळ्याला सापडलेला मुद्देमाल

खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगडही खाल्ला. पण घरात पाहुणे आले आणि नोकरीतलं काही सांगा म्हणाले, की माझ्या तोंडी आधी तो रिकामा टॉवरच येतो. बायको म्हणते, "झालं यांचं सुरू." होऊ दे. निवृत्त माणसाला एवढी मुभा असावी.

तेव्हा मी बाभुळगावकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. पोळा तोंडावर आला होता आणि माझं सगळं लक्ष बंदोबस्तात. मानाची जोडी कोणाची, यावरून आमच्याकडे दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गावात वाजतंच. अशात एका सकाळी हजेरी चालू असताना एक म्हातारा शेतकरी दहा-बारा जणांना घेऊन आवारात शिरला. त्याच्या गावाबाहेर कुंपणाच्या तारेला जस्त चढवायचा छोटा कारखाना होता, त्याची तक्रार होती.

"साहेब, चार दिवसापासून डोळे चुरचुरून राह्यले," म्हातारा म्हणाला. "सोयाबीनचं पान पिवळं पडून राह्यलं. आधी असं नव्हतं. आताच काहून झालं, ते पाहा तुम्ही."

मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि बीट अंमलदाराला गावात पाठवलं. तो परत यायच्या आतच कारखान्याचा मालक धापा टाकत माझ्या टेबलासमोर उभा. त्याचं म्हणणं असं: जस्त चढवण्याआधी तार तेजाबात बुडवून साफ करतात. त्याची वाफ नाकातोंडाला झोंबते. ती धुऊन काढायला त्याने उन्हाळ्यात एक उंच टॉवर बसवला होता. त्याला स्क्रबर म्हणतात. एकाने तो निम्म्या किमतीत देतो म्हटलं होतं, पण यवतमाळच्या एका कारागिराचं नाव ऐकून याने दुप्पट पैसे मोजले. आता धूर सुटला म्हणून झाकण उघडलं, तर आत काहीच नाही.

"दुप्पट पैशात पोकळ डबा दिला साहेब मला. आजच्या आज अटक करा त्याला."

अर्ज चौकशीवर घेतला आणि दोन पंच घेऊन जागेवर गेलो. टॉर्च मारून आत पाहिलं. वर पाण्याचे फवारे, खाली जाळी, मधे नुसता अंधार. पंचनामा लिहिताना माझ्या मनात निकाल लागून गेला होता, हे कबूल करतो. रिकामं भांडं आणि दुप्पट भाव, यात विचार करण्यासारखं काय होतं?

दुसऱ्या दिवशी कारागीर नोटिशीप्रमाणे हजर झाला. पन्नाशीचा, हातावर रेझिनचे डाग, आणि नाकावर राग. यवतमाळला त्याचं वर्कशॉप, हाताखाली पाच माणसं. एका मोठ्या कामाचा करार आठवड्यावर आला होता. गुन्हा दाखल झाला की करारही गेला आणि त्या पाच जणांची रोजीही. हे त्याने मला सांगितलं नाही, त्याच्या माणसांनी बाहेर हवालदाराला सांगितलं. तो स्वतः असल्या गोष्टी सांगणाऱ्यातला नव्हता.

मी आवाज चढवला. "निम्म्यात मिळणाऱ्या डब्याचे दुप्पट घेतले. कशाचे?"

"निम्म्यातला लोखंडाचा होता," तो म्हणाला. "तेजाबाच्या वाफेत लोखंडाची चाळणी होते. स्टीललेही खाते ते. म्हणून मी फायबरचा दिला. साहेब, यात पयले पाहायचं, हवा किती ओढायची. जेवढी हवा, तेवढा पंखा, तेवढा घेर. मग पाहायचं, हवेत काय हाय. त्यावर माल ठरते. मग विचारायचं, साफ किती पाहिजे. रुपयातले बारा आणे साफ करणं सोपं हाय. शेवटचा आणा साफ करायले टॉवर उंच लागते, आतमधी भरण जास्त लागते. खरा पैसा तिथं जाते."

"कसलं भरण?"

त्याने खिशातून लिंबाएवढी पांढरी प्लास्टिकची रिंग काढून टेबलावर ठेवली. चहूबाजूंनी खिडक्या असलेली, दिसायला अगदी फुटकळ. "अशा सतरा पोती टाकल्या होत्या आत. वरून पाणी या रिंगांवर पसरते, खालून वाफ येते, दोघांची गाठ पडते. रिंगा नसल्या तर पाणी सरळ खाली अन् धूर सरळ वर."

"मग हे मालकाला का सांगितलं नाही?"

"ज्याले फक्त भाव विचाराचा हाय, त्याले कायले सांगू?"

माणूस गर्विष्ठ होता, पण लबाड वाटला नाही. खोटं बोलणारा मुद्द्याजवळ आला की गोल फिरतो. हा मुद्द्यावरूनच भांडत होता. तरी नुसत्या वाटण्यावर काय करणार? मालकाने वरपर्यंत फोन लावले होते, आणि माझ्या वरच्या साहेबांचा मला निरोप होता: पोळा झाला की गुन्हा दाखल करायचा की नाही, ते कळवा. मी कारागिराला सोडलं आणि यवतमाळ सोडून जाऊ नको म्हणून बजावलं.

मग चोरीचा कोन धरला. कारखान्याला एकच चौकीदार, कपाळाला गंध, गळ्यात शिट्टी. सतरा पोती माल गेला तर त्याला ठाऊक असायलाच हवं. मी त्याला तासभर उलटसुलट विचारलं. इथून काय चोरीला गेलं? रात्री कोण आलं? गाडी लागली होती का?

"कळंबच्या चिंतामणीची आण साहेब," तो म्हणाला, "माह्या राखणीत इथून सुई चोरीला गेली नाई." डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि हात हलवत परतलो.

पोळ्याच्या दिवशी दुपारी त्याच गावात बंदोबस्त लावला. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, ढोल चाललेला, आणि रांगेत उभे बैल. शिंगांना रंग, पाठीवर झुली, पायात घुंगरू. मला पोळा फार आवडतो. लहानपणी आमच्या घरीही जोडी होती, त्यामुळे बंदोबस्तात उभा असलो तरी माझी नजर बैलांवरच. मानाच्या जोडीवरून अजून काही वाजलं नव्हतं, म्हणून मी खुशीत होतो.

आमच्याकडे तोरण तुटायच्या आधी झडत्या म्हणतात. जमून आलेल्या चार ओळी मोठ्याने फेकायच्या आणि सगळ्यांनी महादेवाचा गजर करायचा. धुराची तक्रार घेऊन आलेला तोच म्हातारा पुढे झाला आणि कानावर हात ठेवून त्याने झडती टाकली:

"गोंडे झाले महाग, मण्याचा भाव भारी,
कारखान्यानं फुकट देल्ली बैलाले माळ न्यारी,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

गाव हसलं. मी मात्र म्हाताऱ्याच्या बैलाकडे पाहिलं. गळ्यात लाल-हिरव्या रंगात बुडवलेल्या, लिंबाएवढ्या, खिडक्या-खिडक्यांच्या रिंगांची दुपदरी माळ. शेजारच्या जोडीच्या गळ्यात तीच. पलीकडच्या जोडीच्या शिंगांवर तीच. शंभरेक बैल उभे होते आणि माझा सगळा मुद्देमाल त्यांच्या अंगावर लटकत होता.

मी आधी कारागिराला फोन लावला, "निघा, लगेच." मग म्हाताऱ्याकडे गेलो. "बाबाजी, ही माळ कुठली?"

"चौकीदारानं देल्ली जी. गेटापाशी पोत्यायनं पडलं होतं. म्हणे कचरा हाय, न्या."

चौकीदार तिथेच गर्दीत पेढा खात होता. मी खांद्यावर हात ठेवला तसा तो सरळच बोलू लागला, लपवायला त्याच्याकडे काही नव्हतंच. धूर सुटायच्या आधी कारखाना आठवडाभर बंद असताना मालकाने त्याला टॉवर साफ करून ठेवायला सांगितलं होतं. याने झाकण उघडलं, तर आत प्लास्टिकचे तुकडे. नव्या फ्रिजच्या खोक्यात थर्माकोल येतो तसंच हे आलं असेल आणि काढायचं राहून गेलं असेल, असं त्याला वाटलं. त्याने तीन दिवस खपून सगळं उपसलं, धुतलं, पोत्यांत भरलं आणि पोळ्यासाठी गावाला वाटून टाकलं.

"मग परवा मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही चोरीचं विचारलं साहेब. चोरी कुठं झाली? मी तं देल्लं."



तासाभरात कारागीर आला. मी त्याला काही न सांगता बैलांच्या रांगेपुढे नेऊन उभं केलं. तो पाहत राहिला. मग एका बैलाच्या गळ्याखाली वाकून त्याने रिंग बोटांत फिरवली, आणि तो खडूस माणूस बैलाच्या मानेवर डोकं टेकवून पोट धरून हसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्याने सोडून दिलं. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं होतं, ते मला दिसत होतं. मलाही फार बरं वाटलं.

मी माळा काढायला सांगितल्या, तर म्हातारा आडवा आला. "आज नाई साहेब. आज पोळा हाय. आज बैलाच्या अंगावरचं काढत नसते."

मी कारागिराकडे पाहिलं. "बरोबर हाय त्याहिचं," तो म्हणाला. "उद्या द्या."

म्हाताऱ्याच्या डोक्यात आता प्रकाश पडत होता. "म्हंजे आमचे डोळे आमच्याच बैलाच्या माळेपायी चुरचुरून राह्यले होते का जी?"

दुसऱ्या दिवशी सगळं गाव पोती घेऊन कारखान्यावर. दीड पोतं कमी भरलं, ते कारागिराने स्वतःकडून टाकलं. मालकाने अर्ज मागे घेतला आणि सर्वांसमोर हात जोडून माफी मागितली. टॉवर सुरू झाला, तेव्हा आत रंगीबेरंगी रिंगांवर पाणी पडत होतं आणि वरून स्वच्छ हवा जात होती. ठरल्या दिवशी कारागिराच्या करारावर सही झाली, आणि त्याच्या माणसांनी ठाण्यात जिलेबी आणून दिली.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. भाव मालकानेही विचारला होता आणि मीही. तो भाव कशाचा, हे विचारायला कारागिराला ठाण्यात बसवावं लागलं. आणि चौकीदार तर पहिल्या दिवसापासून खरंच बोलत होता. चोर शोधायच्या नादात मीच त्याला साधं विचारलं नाही, की बाबा, आत होतं ते गेलं कुठे? पुढे प्रत्येक चौकशीत तो प्रश्न मी आधी विचारला.

कारागीरही शिकला. पुढच्या वर्षी बंदोबस्ताला गेलो, तेव्हा टॉवरवर त्याच्या हाताने रंगवलेली ठसठशीत अक्षरं होती: "आतल्या रिंगा म्हणजे कचरा नाही. याच्यातच खरा पैसा आहे." आणि त्याच्या खाली, जरा लहान अक्षरांत: "पोळ्यासाठी वेगळ्या मिळतील. चौकीदाराकडून न्याव्या."