काचेमागची गदा

कलबुर्गीच्या नाट्यसंग्रहालयात आमच्या गावची लाकडी गदा काचेमागं ठेवलीय. खाली पाटीवर लिहिलंय, 'लुटुपुटीच्या लढाईसाठी'. वाचून डोकंच फिरलं माझं.

गावच्या नाटकात राजा दरसाल पाटलांच्या घरचा आणि राक्षस आमच्या बौद्धवाड्यातला. राक्षसानं नुसता मार खायचा. एका साली माझ्या वडिलांनी, अप्पांनी, एक वार ढालीवर अडवला. चिडलेल्या राजानं याच गदेनं त्यांचा खांदा फोडला, खाली पडल्यावरही हाणत राहिला. रक्त दिसत होतं, तरी लोक टाळ्या पिटत होते. सात वर्षांचा मीसुद्धा.

आता म्हातारे झालेले अप्पा माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी सदऱ्याची बटणं सोडली आणि वाकडा खांदा काचेला टेकवला. रखवालदार धावत आला.

"काय करायलाव, आजोबा?"

"हे बी आत ठेवा," अप्पा म्हणाले, "तिच्याशेजारी."