दाजींचं रीडिंग

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, वीज कंपनीत मीटर रीडर होते. सगळं कोसळलं त्याला चार वर्षं झाली. कंपनी गेली, वीज गेली, निम्मी वस्ती गेली. दाजींची फेरी मात्र चुकली नाही. दर एक तारखेला वही घेऊन ते दारोदार मेलेले मीटर वाचत. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही,’ मी चिडवायचो. ताई हसायची नाही. नवऱ्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, या भीतीने ती खंगत चालली होती.

परवा सभेत ठरलं की खांबांवरच्या तारा उतरवून, वितळवून भांडी करायची. वीज परत आणतो म्हणून धरणावर गेलेल्या मंडळींचा वर्षभर पत्ता नव्हता.

दाजी उठले. “तारा कापू नका. बेकरीवाल्याचा मीटर दोन आकडे पुढे सरकलाय.”

“तो तर सगळं कोसळलं त्या पहिल्याच आठवड्यात मेला,” न्हावी म्हणाला. “आता भूत पाव भाजतंय का?”

सभा खो खो हसली. मीही हसलो, त्याची लाज वाटते.

घरी दाजी वहीत डोकं घालून बसले. “मीच मागच्या वेळी चुकीचं लिहिलं असेल का रे?” मलाही तसंच वाटत होतं. वीज आली असती तर दोनशे घरांत एक तरी दिवा लागला नसता का?

सकाळी, त्यांच्या समाधानासाठी म्हणून, मी त्यांच्याबरोबर बेकरीत गेलो. मीटरच्या काचेमागची चकती फिरत होती. अगदी हळू, पण फिरत होती. मागच्या कोठीत काजळीने माखलेला बल्ब मिणमिणत होता. माझं डोकंच चालेना. मग आमच्याकडे का नाही?

“मेन स्विच!” दाजी ओरडले.

चार वर्षांपूर्वी, वीज गेली त्या महिन्याच्या शेवटी भोंग्यावरून हुकूम आला होता, मेन स्विच खाली करा. आम्ही केले. वर करा असं कुणी सांगितलंच नाही. बेकरीवाला तेवढा हुकूम ऐकायला उरला नव्हता.

पळत घरी आलो, तर दारासमोरच्याच खांबावर लोहार चढलेला, हातात कातर.

“थांब! तारेत वीज आहे!”

“दाजींचं समजू शकतो,” तो वरून म्हणाला, “तुला काय झालं?” आणि त्याने कातर उघडली.

ताई दारात उभी होती. तिने एकदा लोहाराकडे पाहिलं, एकदा दाजींकडे. मग आत जाऊन मेन स्विचवर अडकवलेली पिशवी काढली आणि दांडा वर केला.

ओसरीवरचा बल्ब लागला.

लोहाराने कातर मिटली आणि तो खाली उतरला. दाजींनी वही काढून आमच्या मीटरचा आकडा लिहिला.

ताई डोळे पुसत म्हणाली, “येत्या एक तारखेला मीही येते हो तुमच्याबरोबर.”