लंकाच्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा

ठकूबाई बोराडे दोन महिन्यांपासून येवल्याला एसटीनं जात होत्या, आणि जेल रोडवरच्या एकाही ओळखीच्या माणसापासून त्यांनी ही गोष्ट लपवून ठेवली नव्हती. येवल्याला त्यांची धाकटी बहीण राहते. दर रविवारी तिच्याकडे जायचं, जेवायचं, दुपारी लवंडायचं आणि दिवेलागणीला परत यायचं, हा त्यांचा जुना नेम. न्यायला-आणायला सून होती. दारात सुनेची लाल गाडी होती. तरी म्हातारी पिशवी काखेत मारून स्टँडवर उभी राहायची आणि कुणी विचारलंच तर सांगायची, "सून शर्यतीला, सासू एसटीला. ज्याची त्याची हौस."

सुनेचं नाव लंका. माहेर विंचूरचं, कांदेकऱ्याचं घर. थोरला भाऊ पुंजाराम तापानं पडला तेव्हा शाळेच्या गणवेशातच तिनं ट्रॅक्टर चालवून माल मार्केटात पोचवला होता, आणि तेव्हापासून स्टिअरिंग हातात आलं की तिचा चेहरा बदलतो, असं माहेरची माणसं अजून सांगतात. लग्न होऊन ती नाशिक रोडला आली. नवरा शेखर प्रेसमध्ये नोकरीला. अबोल, शिस्तीचा आणि भांडण दिसलं की पेपर उघडणारा. मुलं मोठी झाल्यावर लंकानं स्वतःची शाळेची व्हॅन सुरू केली. सकाळी-दुपारी पोरांची ने-आण. तिच्या व्हॅनमध्ये डब्यातली आमटी सांडत नाही, ही तिची ख्याती. आया मुद्दाम थांबून तिच्याकडे जागा मिळवत.

अशा बाईला गाडी शर्यतीत पळवायचं वेड लागलं, याचं पुष्कळांना नवल वाटलं. झालं ते सहजच. दोन वर्षांपूर्वी दिंडोरी रोडच्या पलीकडच्या माळावर एका क्लबनं बायकांसाठी ऑटोक्रॉस ठेवली होती. मातीच्या मैदानात रबरी शंकू मांडून वळणावळणाची वाट आखायची, आणि एकेकीनं घड्याळ लावून ती पार करायची, असा तो खेळ. व्हॅनमधल्या एका मुलीच्या आईनं नाव दिलं होतं, पण ऐन वेळी तिचा धीर सुटला. लंका बघायला आलेली, ती म्हणाली, "मी जाऊ का?" आणि गेली. सतराजणींत सातवी आली. घरी परतली ती पायापासून कपाळापर्यंत लाल धूळ घेऊन, आणि रात्रभर तिचा उजवा पाय पांघरुणाखाली ब्रेक मारत होता, असं शेखर सांगतो.

दुसऱ्या वर्षी पाचवी. मग मात्र तिला चैन पडेना. तिनं आपली लाल गाडी गोरक्षकडे नेली. गोरक्षचं गॅरेज सिन्नर फाट्याजवळ. माणूस बोलघेवडा, हाताचा चांगला आणि स्वतःच्या मतावर गाढ श्रद्धा असलेला.

"ताई, तुमची गाडी पुढून गादी आहे गादी," तो बॉनेट दाबून दाबून दाखवत म्हणाला. "वळणावर कलते, ब्रेक मारला की नाक खुपसते. शर्यतीला गादी नाही चालत. फळी लागते."

"सासूबाईंना गादीच आवडते, भाऊ."

"मग सासूबाईंना शर्यतीत उतरवा."

लंका हसली आणि तिथंच फसली. पुढच्या मऊ स्प्रिंगा निघाल्या, आखूड आणि कडक बसल्या. शॉकअप बदलले. शिवाय गोरक्षनं पुढच्या दोन चाकांना जोडणारी दांडी जाड घातली. वळणावर गाडीला एका अंगावर कलू न देणं हे त्या दांडीचं काम. गॅरेजमधून बाहेर पडताना लंकाला वाटलं, आपण गाडीत बसलेलो नाही, गाडी अंगात घातली आहे. स्टिअरिंग जरा हलवलं की नाक वळत होतं. बिटकोच्या चौकात तिनं उगीचच एक जादा चक्कर मारली.

पुढच्या रविवारी ठकूबाई मागच्या सीटवर बसल्या. निफाडपर्यंत त्या दोन्ही हातांनी पुढची सीट धरून होत्या. निफाडच्या पुढं म्हणाल्या, "लंके, ही गाडी हाय का मळणीयंत्र? माझ्या दातांचं पार धान्य झालं."

"आई, थोडे दिवस. शर्यत होऊ द्या."

"तुझी शर्यत व्हस्तोवर माझी हाडं येवल्यात अन् कातडं नाशकात राहील."

त्यानंतर एसटी. लंकाला वाईट वाटत होतं, पण खरं सांगायचं तर थोडंच. रविवारी सकाळी व्हॅन बंद, आणि विंचूरला पुंजारामचं एक शेत त्या हंगामात पडीक होतं. ती तिथं जायची, डबे-बादल्या मांडून वळणं आखायची आणि धुरळा उडवायची. सुरुवातीला गाडीचं शेपूट फार फिरायचं. नाक वळायचं, पण मागची बाजू त्याच्याही पुढं धावायला बघायची. एकदा गोरक्ष मुद्दाम सोबत आला, मागं बसून पाहिलं आणि म्हणाला, "पुढचं अजून आवळू." शॉकअपवरचे कडक-मऊ करायचे खटके फिरवून त्यानं आवळलं. शेपूट ताळ्यावर आलं. पुढच्या खेपेपासून गाडी बादल्यांभोवती अशी फिरू लागली की बांधावर बसलेल्या भावजयीनं पदर तोंडाला लावला.

शर्यतीच्या आठवड्यात ठकूबाईंनी जेवायच्या वेळी विषय काढला.

"शेखर, तुझ्या बायकोला सांग. पयल्या तिघींत आली तर मी त्याच गाडीत येवल्याला जाईन. तोंडातून चकार शब्द काढायची नाय. नाय आली, तर जुन्या स्प्रिंगा घालायच्या. अन् परत कधी काढायच्या नाय."

शेखरनं पेपर शोधायला सुरुवात केली.

लंका भाकरी वाढता वाढता थांबली. परत कधी काढायच्या नाहीत, म्हणजे गादीच. गादीवर शर्यत होत नाही, हे गोरक्षनं तिच्या मनावर कोरून ठेवलं होतं. म्हणजे ही शेवटचीच. पण वयाच्या पन्नाशीत असं कुणी समोर येऊन पैज मारतं, तीही सासू, तेव्हा नाही म्हणणं तिच्या रक्तात नव्हतं.

"चालेल, आई. पण तुम्ही बघायला यायचं."

"येईन की. एसटीनं."

शर्यतीच्या दिवशी माळावर मांडव पडला होता, कर्णा लावला होता, वडापाववाल्याची कढई तापली होती. ठकूबाई शेखरच्या स्कूटरवरून आल्या आणि मांडवातली पुढची खुर्ची पकडून बसल्या. लंकानं सकाळपासून गाडीची काच चारदा पुसली होती, पण ती भीती नव्हती. लग्नाच्या सकाळी असतं ना, सगळं एकाच वेळी हवंही असतं आणि लवकर उरकावंसंही वाटतं, तसं काहीतरी.

गाड्या तपासणारा पोरगेला अधिकारी रविराज हातात टॉर्च घेऊन तिच्या गाडीपाशी आला. सीटबेल्ट पाहिला, टायर पाहिले, डिकी उघडली आणि तसाच उभा राहिला.

"ताई, शर्यतीला आलात की लिलावाला?"

डिकीत कांद्याच्या दोन भरल्या गोण्या होत्या. आदल्या दिवशी लंका शेवटच्या सरावाला विंचूरला गेली होती. त्या घरची रीतच आहे: लेकीची गाडी अंगणात रिकामी उभी राहू द्यायची नाही. ती उतरून पाय धुते न धुते तोच पुंजाराम गोण्या डिकीत टाकतो, मग पाणी विचारतो. शहरातल्या पाव्हण्यारावळ्यांना वाटायला कांदे लागतातच. लंकाला त्या गोण्यांची इतकी सवय होती की त्या तिला दिसतच नव्हत्या.

"डिकीत सुटं सामान चालत नाही," रविराज म्हणाला. "काढा."

गोण्या उतरल्या. दोन माणसं लागली. ठकूबाईंनी मांडवातून ओरडून सांगितलं की सावलीत ठेवा, उन्हानं कोंब येतील.

प्रत्येकीला तीन फेऱ्या, त्यातली सगळ्यात चांगली धरायची. लंकाची पहिली फेरी सुरू झाली. झेंडा पडला, तिनं गाडी सोडली, पहिलं वळण आलं, तिनं स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडी वळलीच नाही. चाकं वळलेली, नाक सरळ. पुढचे दोन शंकू बंपरखाली गेले. दुसऱ्या वळणाला तेच. तिसऱ्याला तिनं वेग तोडला तेव्हा कुठं गाडीनं तोंड फिरवलं. विंचूरच्या शेतात बोटानं वळणारी ही गाडी आज हट्टी रेड्यासारखी एकाच दिशेला चालली होती.

शंकू पाडल्याचे दंड धरून ती तेरावी होती.

"टायरमध्ये हवा जास्त झाली," गोरक्ष धावत आला. "किंवा माती वेगळी आहे. किंवा तुम्ही घाबरलात."

"मी घाबरले नाही, भाऊ. गाडी बदलली."

"काल होती तीच गाडी आहे, ताई. मी बोटसुद्धा लावलं नाही."

लंका गाडीभोवती फिरली. मागून पाहिलं, तर मागची बाजू नेहमीपेक्षा उंच दिसत होती. मांडवाच्या कडेला दोन गोण्या एकमेकींना टेकून बसलेल्या होत्या. तिनं गोण्यांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि ती गोरक्षकडे वळली.

"भाऊ, विंचूरला माझं शेपूट का फिरायचं?"

"मागं वजन..." गोरक्ष बोलता बोलता थांबला. त्यानंही गोण्यांकडे पाहिलं. "अरे देवा. मी तर त्यांना पाठ करून बसलो होतो."

दोन महिने दोघांनी मिळून गाडी जुळवली होती ती एक क्विंटल कांद्यासकट. मागच्या ओझ्यानं शेपूट फिरतं म्हणून पुढचं आवळलं, अजून आवळलं. आता ओझं गेलं आणि आवळलेलं तेवढं उरलं.

"पुढचं सैल करायचं," लंका म्हणाली. "आत्ता."

"इथं स्प्रिंगा निघणार आहेत का?"

"स्प्रिंगा नाही. दांडी. दोन्हीकडचे बोल्ट काढले की ती नुसती लोंबेल. बांधून टाकू."

"ताई, ती दांडी मी किती कष्टानं बसवलीय. गाडी कलेल."

"कलू दे. वळू तर दे."

गोरक्षचा जीव होईना, म्हणून तीच सतरंजी टाकून गाडीखाली शिरली. मग त्याला लाज वाटली आणि तो दुसऱ्या बाजूनं शिरला. कर्ण्यावर पुढची नावं पुकारली जात होती. एक बोल्ट गंजलेला होता. गोरक्षनं त्याला जी नावं ठेवली ती ऐकून जवळची एक तरुण स्पर्धक, तेजस्विनी, हसत हसत आपला लांब पाना घेऊन आली. बोल्ट सुटला. दांडी तारेनं बांधली. शेवटी लंकानं शॉकअपवरचे खटकेही मऊच्या बाजूला फिरवले. गोरक्षनं तिकडे पाठ केली.

दुसरी फेरी. पहिल्या वळणाला गाडी एका अंगावर झुकली, क्षणभर विचार केल्यासारखी थांबली, आणि पुढच्या चाकांनी माती धरली. लंकाला ते हातात कळलं. मातीत बोटं रोवावीत तशी चाकं रोवली जात होती. खळग्यावरून गाडी उडत नव्हती, खळगा पिऊन पुढं जात होती. ती सावध होती, तरी फेरी संपली तेव्हा सातवी होती.

तिसऱ्या फेरीला ती सावध नव्हती. वळणाच्या आधी ब्रेकनं नाक थोडं दाबायचं, गाडीला कलू द्यायचं, कलली की गॅस. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी चिखलातून ट्रॅक्टर काढताना ते अंगात मुरलं असावं. शंकू दोन्ही बाजूंनी निसटत गेले, एकही पडला नाही. शेवटच्या मोठ्या वळणाला मागचं एक चाक उचललं गेलं आणि मांडवातली माणसं उभी राहिली. ठकूबाईही उभ्या राहिल्या, शेजारणीचा खांदा धरून.

कर्णा खरखरला. लंका बोराडे, तिसरी. अजून दोघी बाकी होत्या. पहिलीनं शंकू पाडला. दुसरी तेजस्विनी होती. ती आली, गेली, आणि लंका चौथी झाली. फरक डोळ्याच्या पापणीएवढा.

लंका जाऊन तेजस्विनीला भेटली, तिचा पाना तिला परत दिला. गोरक्ष गाडीच्या बॉनेटवर बसून मातीकडे बघत होता. शेखरनं कुठून तरी पेपर पैदा केला होता.

ठकूबाई काठी टेकत आल्या. जिंकलेल्या माणसाचा आवाज होता, पण जरा हळू. "हरलीस बरं का, लंके. पापणीनं का होईना."

"हरले, आई."

"मग?"

लंकानं गोरक्षला विचारलं, "भाऊ, माझ्या जुन्या स्प्रिंगा आहेत ना?"

"आहेत. माळ्यावर."

"उद्या पोरांना शाळेत सोडलं की लगेच येते. जुने शॉकअपसुद्धा. जुनी बारीक दांडीपण."

गोरक्षनं मान वर केली. "मातीवर," तो स्वतःशीच म्हणाला. "डांबरावर फळी. मातीवर..."

"मातीवर गादी," लंका म्हणाली. "अर्धी गादी केली तर तेरावीची चौथी झाले. पुरी केली तर काय होईल, सांगा."

आता तिला हसू आवरेना. धुळीनं भरलेल्या गालांवर ते चांगलं दिसत होतं. ठकूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, गोरक्षकडे पाहिलं, शेखरच्या पेपरकडे पाहिलं.

"शेखर, ही हरलेली बाई एवढी खूश का दिसती?"

शेखरनं पेपर खाली घेतला. वीस-पंचवीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच तो दोघींच्या मध्ये बोलला. "आई, तुला मऊ गाडी हवी होती. तिलाही तीच हवी होती. तिला आज कळलं, एवढंच."

ठकूबाईंनी हे नीट चावून खाल्लं. मग काठी आपटली. "म्हंजी ही पुढच्या साली पुन्यांदा पळवणार."

"स्प्रिंगा परत काढायच्या नाहीत, एवढंच ठरलं होतं, आई. पळवायची नाही असं नव्हतं ठरलं."

"लय चालू हायेस तू." म्हातारीनं स्वतःच पुढचं दार उघडलं, पदरानं सीटवरची धूळ झटकली आणि आत बसली. "चल. घरी सोड. अन् रविवारी येवल्याला नेशील तवा माझ्यादेखत असली वळणं घ्यायची नाय."

लंकानं चावी फिरवली. "घेतली तरी तुम्हाला कळायची नाहीत, आई."